ड्रिलच्या बॅटरीवर लॅपटॉप: चालतो, पण थांबवायचं काम तुमचं

प्रश्न गोव्यातल्या वाळपईहून आला आहे. ताई घरून हिशेबाचं काम करतात. लॅपटॉप टाईप-सीवर चार्ज होणारा, चार्जर 65 वॅटचा. धाकटे दीर फर्निचरची कामं घेतात, त्यांच्या 18 व्होल्टच्या कॉर्डलेस मशीनच्या चार बॅटऱ्या संध्याकाळी घरी शेल्फवर असतात. पावसात एकदा लाईट गेली की कधी येईल याचा नेम नाही, आणि लॅपटॉपची स्वतःची बॅटरी दीड-दोन तासांत मान टाकते. कोणीतरी सांगितलं, बॅटरी 18 व्होल्टची, लॅपटॉप 19-20 चा, दोन वायरी सरळ जोडा, काही होत नाही. जोडू का, असं त्यांनी विचारलंय.

लॅपटॉप चालेल, आणि बरा चालेल. पण सरळ दोन वायरी जोडू नका. लोकांना या प्रकारात लॅपटॉप जळायची भीती वाटते. माझ्याकडे दुरुस्तीला मात्र लॅपटॉप क्वचित येतात, मेलेले बॅटरी पॅकच जास्त येतात. कारण साधं आहे: ड्रिलच्या बहुतेक पॅकना कुठे थांबायचं हे स्वतःला कळत नाही. ते काम मशीनमधल्या सर्किटवर सोपवलेलं असतं. पॅक उतरला की मशीन बंद पडतं, ते पॅक वाचवण्यासाठी. तुम्ही मशीन बाजूला काढून त्या जागी लॅपटॉप लावला, म्हणजे थांबवणाऱ्यालाच घरी पाठवलं. आता ते काम तुम्हाला दुसऱ्या कशाकडून तरी करून घ्यावं लागेल.

आधी आकडे पाहू. 18 व्होल्टच्या पॅकमध्ये लिथियम-आयनचे पाच सेल एकापुढे एक जोडलेले असतात. एका सेलचं सरासरी व्होल्टेज 3.6, म्हणून 18. पूर्ण चार्ज झाल्यावर सेल 4.2 वर जातो, म्हणजे पॅक 21 वर. रिकामा होत आला की सेल 3 वर येतो आणि पॅक 15 वर. '20 व्होल्ट मॅक्स' किंवा '21 व्होल्ट' म्हणून मिळतात तेही हेच पाच सेल. कोणी सरासरी आकडा छापतो, कोणी फुल चार्जचा. स्वस्तातल्या काही पॅकवर 48, 88 अशा आकड्यांपुढे 'व्हीएफ' लिहिलेलं असतं. मल्टिमीटर लावा, तिथेही बहुधा 20-21 च दिसेल.

लॅपटॉपला लागतात स्थिर 20 व्होल्ट. पॅक सुरुवातीला त्याच्या जरा वर असतो आणि थोड्याच वेळात खाली येतो. इथे पहिली चूक होते. बाजारात मिळणारी बरीच टाईप-सी मॉड्यूलं नुसती बक प्रकारची असतात, म्हणजे व्होल्टेज उतरवतात, चढवू शकत नाहीत. त्यांच्यावर '100 वॅट' लिहिलेलं असतं आणि ते खोटंही नसतं, फक्त त्यासाठी आत येणारं व्होल्टेज 20 च्या बरंच वर असावं लागतं. अशा मॉड्यूलवर ताजा पॅक लावला की लॅपटॉप मजेत चार्ज होतो. थोड्या वेळानं चार्जिंगचं चिन्ह येतं, जातं, परत येतं. मध्ये टाईप-सीचा मीटर लावून पाहिलात तर दिसेल की लॅपटॉपनं 20 मागितलेत आणि हाती साडेसतरा पडतायत. तो नकार देतो, पुन्हा बोलणी सुरू करतो, पुन्हा नकार देतो. लोक केबलला दोष देतात, केबल बदलतात. केबल चांगली असते.

तेव्हा तुम्हाला बक-बूस्ट हवं, गरजेप्रमाणे उतरवणारं आणि चढवणारं. सुटं मॉड्यूल शोधत बसण्यापेक्षा गाडीत लावायचा चांगल्या कंपनीचा टाईप-सी पीडी (पॉवर डिलिव्हरी) चार्जर घ्या. त्याच्या लेबलवर दोन गोष्टी वाचा. इनपुट 12 ते 24 व्होल्ट, म्हणजे कारलाही चालतो आणि ट्रकलाही; आपला 15 ते 21 चा पॅक बरोबर मध्ये बसतो. आणि एकाच टाईप-सी पोर्टपुढे 20 व्होल्ट, 3.25 अँपिअर असं लिहिलेलं हवं. '100 वॅट' म्हणून विकतात त्यात पुष्कळदा दोन-तीन पोर्टांची बेरीज असते. लेबलवरही पूर्ण विश्वास नसेल तर सोपी चाचणी आहे: घरच्या नाहीतर शेजाऱ्याच्या गाडीत बसा, चार्जर लावा, लॅपटॉप जोडा. गाडीची बॅटरी 12 व्होल्टची असते. तिच्यावर लॅपटॉप मंद चार्जरची तक्रार न करता चार्ज झाला, तर व्होल्टेज चढवायची सोय आत आहे हे सिद्धच झालं.

टाईप-सीचा दुसरा फायदा असा की व्होल्टेज किती द्यायचं हे चार्जर आणि लॅपटॉप आपसात ठरवतात. सुरुवात 5 व्होल्टनं होते, लॅपटॉपनं मागितल्याशिवाय 20 येतच नाहीत. उलटी वायर, चुकीची पिन ही भानगड लॅपटॉपच्या बाजूनं उरत नाही. पॅकच्या बाजूनं उरते, तिकडे येतोच.

पॅकमधून वायर बाहेर काढायला मशीनच्या बुडासारखी प्लॅस्टिकची प्लेट मिळते, बॅटरी अ‍ॅडॉप्टर म्हणून. पॅक तिच्यात सरकवायचा, दोन वायरी बाहेर. तुमच्या कंपनीच्या खाचेची प्लेट घ्या. पॅकच्या तोंडाशी धन आणि ऋण या दोन पट्ट्यांशिवाय आणखी पट्ट्या असतात. डीवॉल्टच्या पॅकवर तर प्रत्येक सेलच्या सांध्यातून काढलेली टोकं बाहेर असतात, चार्जरला सेल वेगवेगळे तपासता यावेत म्हणून. त्यांना काही जोडायचं नाही, आणि मधल्या पट्ट्यांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक लागू द्यायचं नाही. थ्री-डी प्रिंटरवर काढलेल्या प्लेटही विकतात. त्या पीएलएच्या असल्या तर मी घेत नाही. साठ अंशांच्या आसपास ते प्लॅस्टिक मऊ पडतं. आपल्याकडे मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेली प्लेट तेवढी तापायला उन्हाशिवाय काही लागत नाही.

प्लेटमधून निघालेल्या लाल वायरवर, पॅकपासून चार बोटांच्या आत, फ्यूज. गाडीत असतो तो पात्याचा फ्यूज, 7.5 अँपिअरचा, होल्डरसकट. हिशेब असा: लॅपटॉपला 60 वॅट, चार्जरमधली तूट धरून पॅकमधून साधारण 67 वॅट, आणि पॅक 16 व्होल्टवर उतरलेला असताना करंट चार अँपिअरच्या थोडा वर. साडेसातचा फ्यूज त्याला आरामात पुरतो. फ्यूज लॅपटॉपसाठी नाही, वायरसाठी आहे. हे सेल ड्रिलला झटका द्यायला बनवलेले, एकेक सेल 20-30 अँपिअर सहज सोडतो, आणि शॉर्ट झाला तर त्याच्या कितीतरी पट. घरातल्या अंधारात, टेबलाच्या कडेखाली वायर चेपली तर इन्शुलेशन पेटायला वेळ लागत नाही. फ्यूज पुढे चार्जरजवळ लावला तर मधली सगळी वायर उघडी पडली, म्हणून पॅकजवळ. वायर दीड स्क्वेअरची, घरच्या वायरिंगमधली राहिली असेल ती चालते, फक्त मल्टीस्ट्रँड, म्हणजे बारीक तारांच्या जुडीची, असू दे. डाग नीट द्या आणि त्यावर स्लीव्ह चढवा. चिकटपट्टी गोव्याच्या दमट हवेत दोन पावसाळ्यांत चिकट पाणी सोडते.

आता थांबवणारा. फ्यूजच्या पुढे आणि चार्जरच्या आधी लो-व्होल्टेज कट-ऑफ मॉड्यूल लावायचं. छोटी पाटी असते, तिच्यावर रिले म्हणजे आपोआप जोड-तोड करणारा स्विच, आकडा दाखवणारा डिस्प्ले, दोन-तीन बटणं. गाडीचा चार्जर स्वतः बंद पडेल या भरवशावर राहू नका. तो 12 व्होल्टच्या गाडीसाठी बनवलेला, त्यामुळे 11-12 पर्यंत निवांत ओढत राहतो. आपल्या पॅकमध्ये 11 व्होल्ट म्हणजे सेलमागे 2.2, आणि तिथे पॅक आधीच खड्ड्यात गेलेला असतो.

कट-ऑफ 16 वर ठेवा. पुस्तकी हिशेबानं 15 चालतात, पण कट-ऑफला फक्त पाच सेलांची बेरीज दिसते. दीरांच्या बॅटऱ्या दोन-तीन वर्षं कामावर मार खाल्लेल्या असणार. त्यात एखादा सेल बाकीच्यांपेक्षा दुबळा असतोच. बेरीज 15 असताना चार सेल 3.1 वर आणि पाचवा 2.6 वर असू शकतो. 16 वर तोडलं तर थोडी वीज पॅकमध्ये शिल्लक राहते, राहू दे. आणि परत जोडायचं व्होल्टेज साडेअठराच्या वर ठेवा. लोड सुटला की पॅकचं व्होल्टेज आपसूक वर येतं. 16 वर तोडून 16.5 वर जोडायला सांगितलं तर रिले टिक-टिक-टिक करत बसेल आणि लॅपटॉप वैतागेल.

आणखी एक, जे कोणी सांगत नाही. कट-ऑफनं लोड तोडला तरी मॉड्यूल स्वतः पॅकवरच जोडलेलं असतं. डिस्प्ले जळतो, सर्किट जागं असतं. 30 मिलिअँपिअर धरले तर दिवसाला पाऊण अँपिअर-तास जातो. पॅक प्लेटवर लावून चवथीला गावी गेलात तर परत येईपर्यंत पॅक मेलेला. काम झालं की पॅक प्लेटवरून ओढून काढायचा, एवढी सवय लावा.

असा खोल उतरलेला पॅक चार्जरवर ठेवला की चार्जर दिवा लुकलुकवून नकार देतो. मग गल्लीतला कोणीतरी हुशार माणूस दुसरा भरलेला पॅक वायरींनी त्याला टेकवतो, व्होल्टेज वर आणतो, आणि चार्जर फसतो. हे करू नका, करू देऊ नका. सेल फार खाली गेला की आतल्या तांब्याच्या पत्र्यातलं तांबं विरघळतं आणि पुन्हा चार्ज करताना नको तिथे बसतं, त्यातून आतल्या आत शॉर्ट होतो. तो लगेच होईलच असं नाही, महिन्याभरानं रात्री चार्जिंगला लावलेला असतानाही होऊ शकतो. असा पॅक सरळ भंगारात, तोही तोंडाला टेप लावून.

किती वेळ चालेल? 5 अँपिअर-तासाचा पॅक म्हणजे 18 गुणिले 5, 90 वॅट-तास. 16 वर थांबायचं आणि चार्जरची तूट सोसायची, म्हणजे हाती साधारण 70. हिशेबाचं काम, स्क्रीन मध्यम उजेडावर, तर लॅपटॉप सरासरी 15 ते 20 वॅट खातो. साडेतीन ते साडेचार तास निघतात. 2 अँपिअर-तासाच्या लहान पॅकमध्ये 36 वॅट-तासच असतात, तो दीड तासाचा सोबती. इथे लोक पॉवर बँकेशी तुलना करून फसतात. 20,000 मिलिअँपिअर-तास ऐकायला 5 अँपिअर-तासाच्या चौपट वाटतात, पण पॉवर बँकेचा आकडा 3.7 व्होल्टच्या सेलवर मोजलेला, म्हणजे 74 वॅट-तास. ड्रिलचा पॅक त्याच्यापेक्षा मोठा निघतो. दोन गोष्टींची तुलना करायची तर वॅट-तासांत करा.

पण वर धरलेले 15-20 वॅट लॅपटॉपची बॅटरी आधीच भरलेली असताना. ती रिकामी करून मग पॅक लावलात तर लॅपटॉप एकीकडे काम करेल आणि दुसरीकडे स्वतःची बॅटरी भरेल, 60 वॅट ओढेल, आणि एका बॅटरीतून दुसरीत ओतताना सांडायचं ते सांडेलच. म्हणून लाईट गेली रे गेली की पॅक लावा, आणि सेटिंगमध्ये चार्जिंगची मर्यादा 80 टक्के ठेवायची सोय असेल तर ती वापरा. पॅक बदलताना लॅपटॉपची स्वतःची बॅटरी मधला मिनिट सांभाळते. ती पूर्ण मेलेली असेल तर बदलताना लॅपटॉप बंद होणार, हे धरून चाला. आणि दोन पॅक एकदम लावून वेळ वाढवायचा मोह टाळा. एक 21 वर आणि दुसरा 17 वर असताना समांतर जोडले तर भरलेला पॅक रिकाम्यात धडाधड करंट ओततो. एक संपला की दुसरा, एवढंच.

तुमच्या प्रश्नात राउटर कुठे दिसला नाही. घरून काम म्हणजे लॅपटॉप जिवंत आणि नेट मेलेलं असून उपयोग काय? फायबरची पेटी आणि राउटर बहुधा 12 व्होल्टवर चालतात. त्यांच्या अ‍ॅडॉप्टरवर वाचून खात्री करा. इथे मात्र काम सोपं, कारण पॅक कधी 12 च्या खाली जातच नाही, साधं बक मॉड्यूल पुरतं. 12 वर सेट करा, राउटर जोडण्याआधी मल्टिमीटरनं मोजा, आणि सेट केल्यावर व्होल्टेज फिरवायच्या छोट्या स्क्रूवर नखपॉलिशचा थेंब टाका म्हणजे हलणार नाही. त्याला 2 अँपिअर-तासाचा लहान पॅक द्या. पेटी आणि राउटर मिळून दहा वॅट धरले तर अडीच-पावणेतीन तास. त्यालाही कट-ऑफ आणि फ्यूज हवाच, फ्यूज 3 अँपिअरचा पुरे.

मे अखेरीस आणि ऑक्टोबरात परतीच्या पावसात तुमच्या सत्तरी तालुक्याकडे ढगांचा जो गडगडाट होतो, तेव्हा या जोडणीचा वेगळाच उपयोग आहे. लाईट असली तरी लॅपटॉपचा आणि राउटरचा प्लग भिंतीतून काढून ठेवा आणि पॅकवर काम करा. विजेच्या तारेवरून येणारा झटका यायला मग वाटच राहत नाही, आणि फायबर काचेचं असल्यामुळे त्यातूनही येत नाही.

इन्व्हर्टर जोडून 230 व्होल्ट करावेत आणि लॅपटॉपचा नेहमीचा चार्जर लावावा, असं काही जण म्हणतात. गाडीचा 12 व्होल्टचा इन्व्हर्टर या पॅकवर सहसा चालूच होत नाही, 15-16 च्या वर व्होल्टेज दिसलं की तो ओरडून बंद पडतो. खास 18 व्होल्टच्या पॅकवर बसणारे छोटे इन्व्हर्टर मिळतात, पण आधी डीसीचं एसी, मग चार्जरमध्ये एसीचं डीसी, यात पॅकमधली पाव वीज वाटेतच जाते. लॅपटॉप टाईप-सीचा असताना हा द्राविडी प्राणायाम कशाला? घरात पंखे, दिवे, मिक्सर चालवायचे असतील तर हा विषयच वेगळा. घरच्या इन्व्हर्टरच्या 12 व्होल्ट 150 अँपिअर-तासाच्या ट्युब्युलर बॅटरीत 1800 वॅट-तास असतात, तिच्याशी ड्रिलचा पॅक काय बरोबरी करणार. आणि घरात कॉर्डलेस मशीन नसेल, तर लॅपटॉपसाठी म्हणून असे पॅक विकत घेऊ नका. 65 वॅटची पीडी पॉवर बँक घ्या आणि मोकळे व्हा. हा सगळा खटाटोप शोभतो तो पॅक आधीच घरात आहेत म्हणून.

पॅक खरे आहेत ना, हेही बघा. ओळखीच्या कंपनीचं स्टिकर लावलेले नकली पॅक राजरोस विकले जातात. स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या. 5 अँपिअर-तासाच्या खऱ्या पॅकमध्ये 18650 मापाचे दहा सेल असतात, एकेक 45-48 ग्रॅमचा. नुसते सेलच साडेचारशेच्या वर, डबा-पाटी धरून सहाशेच्या आसपास. '6 अँपिअर-तास' लिहिलेला पॅक काट्यावर साडेतीनशे भरला, तर आत पाचच सेल आहेत. तो लॅपटॉपला फार वेळ पुरणार नाही आणि गरम होईल.

गरम होण्याचं दुसरं कारण म्हणजे आपली हवा. पावसाळ्यात प्लेटच्या पट्ट्यांवर हिरवट-काळा थर येतो, किनाऱ्याजवळ खारं वारं लागतं तिथे तर लवकर. एवढ्याशा थरानं सांध्यात 0.1 ओहम आला तर 4 अँपिअरला तिथे 1.6 वॅट उष्णता होते. आकडा लहान वाटेल, पण ती नखाएवढ्या जागेत, प्लॅस्टिकच्या कुशीत साठते. अर्ध्या तासानं पॅक काढून पट्ट्यांना बोट लावून बघा, कोमट चालेल, चटका बसता कामा नये. थर दिसला तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश. सँडपेपर नको, वरचा मुलामा निघून जातो आणि पुढच्या वेळी थर दुप्पट वेगानं धरतो.

तुमचा लॅपटॉप टाईप-सीचा आहे म्हणून हे सगळं सुटलं. ज्यांच्याकडे गोल पिनचा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. एसर, एसुसचे गोल पिनवाले बरेच लॅपटॉप नुसतं व्होल्टेज बघतात, त्यांना 19 व्होल्टवर सेट केलेलं बक-बूस्ट मॉड्यूल चालतं. पिनच्या आत धन, बाहेर ऋण, तरी आधी मूळ अ‍ॅडॉप्टरवरचं चित्र बघा. डेल आणि एचपी पिनच्या मधल्या सुईतून अ‍ॅडॉप्टरची ओळख विचारतात. ओळख पटली नाही तर डेल चालू होतो, पण प्रोसेसर हळू पडतो आणि बॅटरी चार्ज होत नाही. तुमचं मॉड्यूल बिघडलंय असं समजून तुम्ही उगाच शोधत बसता. त्यांच्यासाठी टाईप-सीतून त्या त्या कंपनीच्या पिनमध्ये बदलणारी, आत ओळखीचं सर्किट असलेली केबल घ्या. आणि टाईप-सीचं भोक आहे म्हणून त्यातून चार्जिंग होतंच असं नाही, काही लॅपटॉपवर ते फक्त डेटासाठी असतं. भोकाशेजारी प्लगचं किंवा बॅटरीचं चिन्ह आहे का ते पाहा, तुमच्या चार्जरचं टोकच टाईप-सी आहे म्हणजे तुम्हाला हा प्रश्न नाही.

जोडणी दीरांनाच करायला सांगा, मल्टिमीटर त्यांच्या पेटीत असेलच. पहिल्यांदा लॅपटॉप न जोडता पॅक लावा, कट-ऑफच्या डिस्प्लेवरचा आकडा आणि मल्टिमीटरचा आकडा जुळतो का ते बघा. या पाट्या व्होल्टचे दोन-तीन दशांश इकडेतिकडे दाखवतात, तेवढा फरक कट-ऑफच्या आकड्यात धरून घ्या. मग लॅपटॉप जोडून एक पॅक शेवटपर्यंत, 16 ला रिले पडेपर्यंत, तुमच्या डोळ्यांसमोर चालू द्या. पॅक चार्ज मात्र त्याच्या स्वतःच्या चार्जरवरच करायचे, या वायरींतून उलटा चार्ज द्यायचा नाही. आणि चारपैकी कोणते दोन पॅक तुमचे यावर रंगीत टेप लावा, नाहीतर सकाळी ते तुमचा अर्धा रिकामा पॅक उचलून साइटवर जातील.